घट्ट बाही

६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. तुझं मागचं पाकीट मला मिळालं. आतलं पत्र तुझं, बाहेरचा पत्ता भाऊजींचा. भाऊजी निष्णात शिंपी आहेत याविषयी दुमत नाही, पण त्यांचं अक्षर म्हणजे कापडावर मारलेल्या खडूच्या खुणा. पोस्टमनने पाकीट खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे टाकलं. त्यांना ते अक्षर आपल्याच धंद्यातलं वाटलं, म्हणून त्यांनी ते शेजारच्या औषधाच्या दुकानात पाठवलं. तिथून ते दोन दिवसांनी माझ्याकडे आलं, खोकल्याच्या बाटलीसकट. यापुढे पत्ता तू स्वतः लिहावास असा माझा आग्रह आहे. आत काय लिहितेस ते दुय्यम.

दुसरी तक्रार सदऱ्याची. भाऊजींनी पाठवलेला सदरा कापडाने, रंगाने, काजांनी निर्दोष आहे. फक्त तो घालून मी छापखान्यात गेलो तेव्हा खिळे जुळवणारा मुख्य जुळारी म्हणाला की उरलेला माणूस कधी येणार? तीस वर्षं त्यांनी माझे सदरे शिवले, आणि तीस वर्षं मी कधीतरी जाड होईन या आशेवर ते माप घेतात. त्यांना दुखवू नकोस. सैल शिवणारा माणूस मनाने चांगला असतो.

आता हाताचं. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि मला काय जेवलास विचारतेस, म्हणून हा कागदी मार्ग. स्तनाचं ऑपरेशन होऊन, काखेतल्या गाठी काढून, रेडिएशनच्या शेकाचे पंचवीस दिवस भरून दोन वर्षं झाली. सगळं मागे पडलं म्हणावं तर सहा महिन्यांपासून उजवा हात सुजतोय. त्या वेळी डॉक्टरांनी दिलेली ‘नको’ची यादी मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली आहे, अकरा कलमं आहेत. त्यातलं चौथं, ‘जड उचलू नये’, मी लाल शाईने अधोरेखित केलं. मुद्रितशोधकाच्या हातात दुसरं काय असतं! भरलेली बादली, दळणाचा डबा, पुठ्ठ्याचा गठ्ठा, यांना त्या हाताने शिवायचं नाही. लहानपणी गुरुजींचे पाठ चुकलो की तू याच हाताने माझ्या पाठीत धपाटा घालायचीस. तो आता विश्रांतीला पात्र आहे.

लोभ आहेच. तो सदऱ्यासारखा सैल पडू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
पंडित

१४ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोकल्याची बाटली परत केलीस की ठेवून घेतलीस? तुझा भरवसा नाही.

पाकिटाचं एवढं काही नाही रे. दोन पानं लिहून झाली की बोटं जड होतात, मग पत्ता हे लिहितात. त्यांनाही तेवढंच पत्र लिहिल्याचं समाधान.

तुझी अकरा कलमं मी आमच्या फिजिओथेरपीच्या बाईंना दाखवली. बाई कसली, आपल्यापुढे पोरच ती, पण जिभेला धार आहे. तिने यादी वाचली, व्यवस्थित घडी घातली आणि परत दिली. म्हणाली की त्वचा जपा, जखम होऊ देऊ नका, हात लाल किंवा गरम झाला आणि ताप आला तर तडक डॉक्टरकडे या, हे सगळं बरोबर. पण हात वापरूच नका, हे आता कोणी सांगत नाही. गाठी काढल्या की हातातलं पाणी परत जायच्या वाटा कमी होतात. स्नायू हलले की ते पाणी पुढे ढकललं जातं. हात उशीवर मांडून बसलं की पाणीही मांडी ठोकून बसतं. आणि वजन उचलायचं तर जरूर उचला, फक्त पायरीपायरीने आणि तिच्या नजरेखाली.

तर रोज सकाळी माझा कार्यक्रम असा. आधी पोट भरून श्वास. मग खांदे गोल फिरवायचे. मग हात वर करून मूठ मिटायची-उघडायची. खिडकीत करते, त्यामुळे समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी मला रोज टाटा करते. मग भिंतीवर बोटं चढवायची, कालच्या खुणेच्या वर एक बोट. आणि शेवटी अर्ध्या अर्ध्या किलोची दोन डंबेल्स. जांभळी आहेत, ओट्यावर ठेवली की वांगी वाटतात. हे एकदा सुरी घेऊन आले होते.

डंबेल उचलताना दाबाची बाही घालायची. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीच्या रंगाची, मुद्दाम माप घेऊन बनवलेली, मनगटाशी सर्वांत घट्ट. ती चढवायला मला दहा मिनिटं लागतात. ह्यांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा चेहरा असा केला की कोणी त्यांच्या धंद्याला शिवी दिली. म्हणाले, ही बाही आहे की शिक्षा?

आता खरी गोष्ट ऐक. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात ग्रंथालयाच्या तीनशे जुन्या पोथ्या-वह्या बांधायला येताहेत. मालकांनी खिडकीजवळचं माझं टेबल मार्चअखेरपर्यंत धरून ठेवलंय. पुढे नाही, आणि त्यांचंही चूक नाही. पण पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसचं चाक एका हाताने फिरत नाही, पंडिता. सत्तावीस वर्षं मी ते फिरवलंय. घरी बसून सुईत दोरा ओवत मला म्हातारं व्हायचं नाही.

दर रविवारी हे माझ्या हातावर खडूने चार खुणा करून टेपने माप घेतात. कोपराच्या वर चार बोटांवर उजवा तीस सेंटीमीटर, डावा अठ्ठावीस. तुझ्या लाल शाईने हे लिहून ठेव.

माया कर, सल्ले कमी कर.

तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कलम चार मी विधिपूर्वक कापून रद्द केलं आहे. तिथे आता भिंतीचा पांढरा चौकोन दिसतो आणि खोली उघडीबोडकी वाटते. दोन वर्षं रोज तिकडे बघून मला वाटायचं की मी तुझ्यासाठी काहीतरी करतोय. ‘नको’ म्हणण्यात किती पुरुषार्थ वाटतो, नाही?

सहानुभूतीने मीही व्यायाम आरंभला. डंबेल नसल्याने छापखान्याच्या शब्दकोशाचे दोन खंड घेतले. तिसऱ्या दिवशी ‘अ’ ते ‘औ’ माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. स्वरांना इतकं वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं. डावा खंड सुखरूप आहे. अंगठ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. तुझ्या फिजिओबाईंना विचारून कळव की मुद्रितशोधकाने कुठून सुरुवात करावी.

दर रविवारचे आकडे न चुकता पाठव. आकड्यांचंही शोधन करावं लागतं. आणि टेबल सोडू नकोस.

लोभ पायरीपायरीने वाढवावा, ही प्रार्थना.

तुझा,
पंडित

१५ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजचं पत्र छोटं आहे.

तीन आठवडे फार छान गेले. तीसचे सव्वाएकोणतीस झाले, मी एक किलोपर्यंत पोचले. माझा हात पुन्हा माझा झाल्यासारखा वाटत होता. बाहीसुद्धा एकाएकी अंगवळणी पडली, अगदी सहज चढायला लागली. आणि मग गेल्या रविवारी माप तीसच्या वर गेलं. आज एकतीस. अंगठी निघेना, शेवटी साबण लावून काढली.

लाली नाही, ताप नाही, दुखणं नाही, फक्त जडपणा. बाई बाहेरगावी शिकवायला गेली आहे. फोनवर म्हणाली की वजनं तूर्त बाजूला ठेवा, हलके व्यायाम सोडू नका, बाही घालत राहा, आणि चोवीस तारखेला बाहीसकट या, मी नीट बघते. असं का व्हावं, तिलाही कळेना. ह्यांनी डंबेल्स कपाटात ठेवून कुलूप घातलंय आणि माझ्याशी फार मऊ बोलतात. मऊ बोलायला लागले की मला धडकी भरते.

मला वाटतं तुझं चौथं कलम खरं होतं. मीच हावरटपणा केला. शनिवारी, एकवीसला, कारखान्यात जाऊन मालकांना सांगते की टेबल दुसऱ्या कुणाला द्या. अखेरपर्यंत टांगून ठेवणं बरं नाही. तू यावर विनोदी काही लिहू नकोस, एवढंच.

तुझी,
ताई

(पत्ता ह्यांनी लिहिलाय. रागावू नकोस.)

१६ मार्च

रा. रा. पंडित यांस,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला आजवर एकदाच पत्र लिहिलंय. मापाच्या वहीपलीकडे मला लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाला.

माझ्या हातून एक काम झालंय. तीन आठवड्यांपूर्वी ही व्यायाम करून दमून झोपली होती. बाही दोरीवर वाळत होती. हिच्या दंडावर बाहीच्या काठाचा वळ उठला होता, नाडीच्या खुणेसारखा. मला ते बघवेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गिऱ्हाइकाने घट्ट सांगितलं तरी मी बोटभर सोडतो. शिवणीत माया ठेवली की माणूस सुखाने वावरतो, असं माझ्या वडिलांनी शिकवलं. मी बाहीची शिवण वरपासून मनगटापर्यंत उसवली, त्याच रंगाच्या ताणाच्या कापडाची बोटभर पट्टी आत घातली आणि परत शिवली. चाळीस वर्षांत इतकी साफ शिवण माझ्या हातून झाली नव्हती. जन्मभर पुस्तकांच्या शिवणी बघणाऱ्या हिलासुद्धा दिसली नाही. बाही अंगवळणी पडली असं ती म्हणाली तेव्हा मी मनात खूश झालो.

आता हात वाढलाय. ती वजनांना दोष देते, स्वतःला दोष देते, आणि मी समोर बसून काजं करतोय. डंबेल्सना कुलूपही मीच घातलं, पंडित.

मला विचारायचंय की माझ्या पट्टीमुळे असं होईल का? तुम्ही चार पुस्तकं वाचलेली आहेत. आणि तिला कसं सांगू? शनिवारी ती मालकांकडे जाणार आहे. तिच्या समोर माझं तोंड उघडत नाही.

लोभ असावा. रागवायचं तर पत्रातून रागवा.

आपला,
भाऊजी

१९ मार्च

ती. स्व. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं, उत्तर आज देतोय. उशिराचं कारण किरकोळ आहे, पुढे कधी सांगेन. हे पत्र कुरियरने पाठवतोय, शनिवारच्या आत पोचावं.

मला वैद्यक येत नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत बहुतेक लोक शापाने आजारी पडतात आणि वराने बरे होतात. पण जिचं कामच घट्ट बसणं आहे ती बाही सैल केली, तर ती काम करणार नाही, एवढं मलाही कळतं. धरणाच्या भिंतीत दया येऊन खिडकी ठेवण्यासारखं आहे ते. निकाल फिजिओबाई देतील. चोवीस तारखेची वाट बघू नका, आजच फोन करून त्यांना सांगा. त्याआधी ताईला सांगा. जमत नसेल तर तुमचं पत्रच सोबत परत पाठवतोय, ते तिच्या हातात द्या. ती रागावेल. रागावू द्या. तिला तेवढा व्यायाम हवाच आहे.

आणि फार खजील होऊ नका. तुम्ही तिला बोटभर सैल केलंत. मी दोन वर्षं लाल शाईने तिला गादीवर बसवत होतो. कुणाचा गुन्हा मोठा ते तिलाच ठरवू दे.

कृपा असावी. माझे सदरे मात्र आहेत तसेच सैल असू द्यावेत.

आपला,
पंडित

१० एप्रिल

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोघं मिळून माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार करता! या वयात तुम्हा दोघांना कोपऱ्यात उभं करायची वेळ आली.

शनिवारी मी चपला घालून दारात उभी. हे आले, कपाटाचं कुलूप काढलं, डंबेल्स टेबलावर ठेवली. शेजारी बाही ठेवली, शेजारी कात्री. एखाद्या खटल्यातले पुरावे मांडावेत तसं. मग तुझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः मशीनमागे जाऊन बसले, जणू मशीन त्यांना वाचवणार होतं. मी उभ्या उभ्या दोन्ही पत्रं वाचली. बाही उलटी केली, भिंग घेतलं, खिडकीत गेले. पंडिता, खरं सांगू, पहिला राग आला तो स्वतःचा. सत्तावीस वर्षं शिवणी बघून ही मला दिसू नये? दुसरा राग त्यांच्यावर काढला, चांगला पाऊण तास. समोरची म्हातारी खिडकीत येऊन बसली होती. मग मधेच मला ते सुरी घेऊन डंबेलं चिरायला आलेले आठवले आणि हसू फुटलं ते थांबेना. हे मशीनमागून विचारत राहिले की आता बाहेर आलं तर चालेल का?

मालकांकडे गेले नाही. फिजिओबाईला फोन केला. चोवीसला तिने ह्यांना समोर बसवून सांगितलं की हा कपडा नव्हे, औषध आहे. मनगटाकडून वर दाब कुठे किती, ते ठरवलेलं असतं, तुम्ही औषधात पाणी घातलंत. मग मला म्हणाली की सगळं खापर पट्टीवर फोडू नका, ही सूज कधी कधी कारण न सांगताही वरखाली होते, पण वजनांना फाशी द्यायचं काही कारण दिसत नाही. आठ-दहा दिवस हाताला थरांचं बँडेज बांधलं, सूज उतरल्यावर नव्याने माप घेऊन दुसरी बाही मागवली. निघताना शिवण पुन्हा एकदा निरखून तिने ह्यांना विचारलं की माझा कोट तेवढा दुरुस्त करून द्याल का? हे तिथे रडायचेच बाकी होते.

पुन्हा अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. आता पाऊण. ह्यांना शिक्षा म्हणून माझ्याबरोबर सगळे व्यायाम लावलेत. खांदे फिरवताना त्यांच्या पाठीतून जो आवाज येतो, त्यापुढे शिलाई मशीन मुकं. गेल्या रविवारचं माप साडेएकोणतीस. बाई म्हणते, पूर्ण जाईल असं धरून चालू नका. मी मनाशी ठरवलंय की ही सूज पाहुणी नाही, भाडेकरू आहे. राहू दे. घर तिच्या नावावर करायचं नाही, एवढंच.

आणि टेबल! मार्च संपायच्या आतच मालकांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी हसून डोळे पुसले आणि पंधरा तारखेपासून अर्धा दिवस ये म्हणाले. काल नुसती बघायला गेले होते. बाही घालून प्रेसच्या चाकाला दोन्ही हात लावले. पाऊण फेरा फिरलं. मग थांबले, श्वास घेतला, उरलेला पाव फेरा फिरवला. कारखान्यात सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या.

तुझा अंगठा कसा आहे? बाई म्हणते, मुद्रितशोधकाने खुर्चीतून उठण्यापासून सुरुवात करावी.

माया आहेच, ती मोजायला टेप नको.

तुझी,
ताई

२० एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुर्चीतून उठतोय. दिवसातून सोळा वेळा, मोजून. मुख्य जुळाऱ्याला वाटतं मी राजीनामा द्यायला निघालोय, तो दर वेळी आशेने वर बघतो. अंगठ्याला नवं नख येतंय. भाऊजींना सांग, त्यांच्या पाठीच्या आवाजाला माझे गुडघे साथ देतील.

पाऊण फेऱ्याचं वाक्य मी सात वेळा वाचलं. त्यात एकही दुरुस्ती नाही.

या खेपेला पत्ता तुझ्या हातचा होता. दातांचे डॉक्टर मुद्दाम वर येऊन म्हणाले की आज पाकीट वाचता आलं, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. त्या पाकिटाच्या तक्रारीचं खरं कारण तुला सांगायचं राहिलंय.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या गाठीची बातमी मला भाऊजींच्या अक्षरातल्या पाकिटातून कळली होती. तुला फोनवर सांगवलं नाही, म्हणून त्यांनी लिहिलं. एरवी मला पत्र पाठवायची तुमच्या घरी तुझ्याशिवाय कुणाला सवय नव्हती. त्यामुळे न फोडताच मला कळलं होतं. तेव्हापासून त्या खडूच्या खुणा दिसल्या की मी पाकीट टेबलावर ठेवतो आणि आधी दुसरी कामं उरकतो. आत तुझं अक्षर दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मार्चमध्ये भाऊजींचं ते पाकीट आलं, तेव्हा मी उजेडात धरून पाहिलं. आतही त्यांचंच अक्षर होतं. मी ते दिवसभर फोडलं नाही. उशिराचं किरकोळ कारण ते हेच. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्याने फोडलं आणि शिंप्याने एक शिवण उसवली एवढाच गुन्हा आत निघाला, तेव्हा मी एकटा खोलीत मोठ्याने हसलो. माझ्या भित्रेपणापायी उत्तर शनिवारनंतर पोचलं असतं आणि तुझं टेबल गेलं असतं, हे नंतर लक्षात आलं. भाऊजींना कोपऱ्यात उभं करशील तेव्हा माझ्यासाठी जागा ठेव.

लोभ आहे, तसाच राहू दे. वाढवायचा तर पायरीपायरीने.

सुजेची मला भीती वाटत नाही. चाकाची नाही, वजनांची तर नाहीच. मला भीती वाटते ती एवढीच, की एक दिवस पाकिटाबाहेर भाऊजींचं अक्षर असेल, आतही भाऊजींचंच असेल, आणि त्यात शिवणीबद्दल काही नसेल. म्हणून हाताला झेपेल तितके दिवस पत्ता तू लिही.

तुझा,
पंडित